मेणातला अंगठा

शनिवारी सकाळी भानुदास पांढरा शर्ट घालून खाली आला, तेव्हा बुद्धमूर्तीपुढचं शमादान चकाकत होतं. त्यानं चष्मा पुसून परत पाहिलं. मीराचा अंगठा गेला होता.

शमादान पितळेचं, पाचशे वर्षांपूर्वीचं, युरोपातल्या कुठल्याशा चर्चमधलं. घरगुती शमादानाला मेणबत्ती बसवायला खळगा असतो. याला नुसता खिळ्यासारखा काटा होता, चर्चच्या जाड मेणबत्त्यांसाठी. मीरानं ते इथंच, डब्लिनमधल्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरच्या सेलमधून आणलं होतं. "एवढी वर्षं बायबल ऐकलं बिचाऱ्यानं," ती म्हणाली होती. "आता पंचशील ऐकू दे."

घरातल्या बारीक मेणबत्त्या त्या काट्यावर टिकत नसत. मग ती बुडाशी मेण वितळवून अंगठ्यानं दाबून बसवायची. तिनं शेवटचा दाबलेला अंगठा खालच्या ताटलीतल्या मेणात तसाच उमटलेला होता, रेषांसकट. ती गेल्यापासून भानुदासनं तिथं मेणबत्ती लावली नव्हती. रोज नुसता बघायचा.

"कसं निघालंय, भाऊजी?" मीराची धाकटी बहीण उपासना किचनमधून आली. मीराच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीसाठी ती नागपूरहून आली होती. तिच्या नखांत अजून चिंच होती. "किती काळं होऊ दिलं होतं ताईनं! आई असती तर बदडलं असतं तिला."

"त्यातलं मेण?"

"ते कुठं निघतंय! शेवटी उकळत्या पाण्यात बुडवलं." मग ती घाईनं म्हणाली, "टाकलं नाही हं. ताईच्या हातचं होतं ना ते."

तिनं एक मेणबत्ती पुढं केली. बुटकी, पिवळट, एका बाजूला कललेली. वातीच्या जागी दोरा.

"वाटीत ओतून केली. आज हीच लावायची. तुमच्याच हातानं."

तिचे डोळे सुजलेले होते.

"छान केलंस," भानुदास म्हणाला.

दुपारी माणसं आली. दारात बुटांचा ढीग झाला. सगळे पांढऱ्या कपड्यांत कार्पेटवर बसले. मेणबत्ती लागली की त्रिशरण सुरू होणार होतं. भानुदासची मुलगी अनिका हिनं त्याच्या हातात लायटर दिला.

त्यानं मेणबत्ती काट्यावर टेकवली. ती डुगडुगली.

"बाबा, प्रेस करा ना खाली," अनिका मागून म्हणाली. "विथ युअर थम्. लाइक आई डिड."

त्यानं अंगठा मेणाजवळ नेला. मग मागे घेतला.

खोलीत कोणी तरी खोकलं. उपासना पुढं वाकली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, सगळे थांबलेत."

लायटर त्याच्या हातात होता. मेणबत्ती लावायची राहिली होती.