खिडकीचे खिळे

वाटणीनंतर धाकट्या जावेनं, दानेश्वरीनं, बोळापलीकडं नवं स्वयंपाकघर बांधलं. माझ्या ओट्यावरनं ते रोज दिसायचं. जीव जळायचा, म्हणून मी माझी खिडकीच खिळे ठोकून बंद केली.

वर्षभर फोडणीचा धूर घरातच कोंडला, छत काळं पडलं, खोकला काही जाईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधं पुरे झाली. आधी खिडकी उघडा."

आज चटणीसाठी मिरच्या भाजताना श्वासच अडकला, तेव्हा खिळे उपसले. समोर जावेच्या खिडकीलाही पत्रा ठोकलेला. आतनं माझ्यासारखाच खोकला येत होता.

"दाने, तू का गं बंद केलीस?"

"तुमच्या दारातनं चटणीचा वास आला की पोरं माझ्या हातचं जेवायची न्हाईत, अक्का."