पौषातली खोली

कात्रजचा बोगदा मागं पडेपर्यंत दोघांनी एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. सावळा पुढच्या बाकावर, पारूबाई पार मागं, बायकांच्यात. नसरापूरच्या फाट्यावर दोघं एसटीत चढली तीही अशीच, जशी काही ओळख ना पाळख. बोगद्यातला अंधार सरला, घाटाखाली पुण्याची घरं दिसायला लागली, तेव्हा सावळा उठला, काठी टेकत मागं आला आणि सरळ तिच्या शेजारी बसला. साठी उलटलेला माणूस, पण छाती अशी धडधडत होती की त्याचं त्यालाच हसू आलं.

"कुणी बघितलं तर?" पारूबाई पदर सावरत म्हणाली.

"बघू दे. आता कुणाला भ्यायचं ऱ्हायलंय?"

"हैबतीला काय सांगितलंत?"

"भोरला बैल बघाय चाललोय म्हून. आन् तू कुंडलिकाला?"

"भाटघरला, भनीकडं." ती गालात हसली. "खरं कळलं तर त्यो मला उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई."

"मग ये माज्याकडं."

"व्हय तर. हैबतीची बायकू आरती घिऊन उभी आसंल."

सावळ्यानं कमरेची चंची चाचपली. सुपारीच्या खांडाखाली घडी घातलेला कागद होता. पारूबाईनं तो पाहिला आणि तिचं हसू गेलं.

"त्यो कशापायी आणला? फाडून टाका."

"ऱ्हाऊ दे."

"मला त्येचं तोंड बघायचं न्हाई," ती म्हणाली आणि खिडकीकडं वळली.

पौष महिना. भात झोडून झालेलं, लग्नं नाहीत, जत्रा नाहीत. अशा दिवसांत गावाकडचं माणूस पुण्याला येतं कशाला? म्हणूनच सावळ्यानं पौष धरला होता. ओळखीचं कुणी भेटायची धास्ती कमी. मागल्या शिवरात्रीला बनेश्वराच्या जत्रेत त्यानं तिला लांबून पाहिलं होतं. ती सुनेबरोबर, हा नातवाला खांद्यावर घेऊन. दोघांनी माना फिरवल्या. त्या दिवशी त्याला घास गिळवला नाही. तिची आठवण येते, हे या वयात सांगायचं तरी कुणाला? शेवटी गावोगाव बांगड्या भरणाऱ्या बाळाबाईकडं त्यानं निरोप दिला. एक रात्र एका छपराखाली काढायची, मग लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. बाळाबाईनं उलट निरोप आणला, 'येते.'

दिवसभर दोघांनी कुणाची भीड ठेवली नाही. हाटेलात एकाच टेबलाशी समोरासमोर बसून मिसळ खाल्ली. पारूबाईला ठसका लागला, डोळ्यांतनं पाणी आलं, तरी तिनं रस्सा पुन्हा मागितला. बागेत पोरांसाठी लहानशी आगगाडी होती. तिथल्या माणसानं अडवलं, "नातवंडं कुठायत?"

"आमीच नातवंडं," पारूबाई म्हणाली आणि डब्यात जाऊन बसली. गाडी वळणावर हलली तशी तिनं सावळ्याचा दंड धरला. गाडी थांबल्यावरही सोडला नाही.

दिवेलागणीला ती दोघं स्वारगेटजवळच्या एका लॉजवर आली. लॉज रिकामं होतं. किल्ल्यांच्या फळीवर सगळ्याच्या सगळ्या किल्ल्या लोंबत होत्या. चष्मेवाल्या मॅनेजरनं वही उघडली.

"कोण तुम्ही एकमेकांचे?"

"नवरा-बायकू," सावळा म्हणाला.

"गाव?"

"गुंजवणे." "वरवे बुद्रुक." दोघांच्या तोंडून एकदमच गेलं.

मॅनेजरनं टाक खाली ठेवला. आधी त्यानं सावळ्याकडं पाहिलं, मग पारूबाईच्या कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडं.

"बाई, तुम्ही वरव्याला कुणाच्या घरी असता?"

"कुंडलिकाच्या."

"आणि हे?"

"ह्ये न्हाई तितं."

"त्या कुंडलिकाला ठाऊक आहे तुम्ही इथं आलाय ते?"

पारूबाईनं काखेतलं गाठोडं घट्ट धरलं. सावळा पायाच्या अंगठ्याकडं बघत उभा. खोटं बोलायची दोघांनाही सवय नव्हती, आणि खरं सांगायची सावळ्याला लाज वाटत होती. घरची अब्रू अशी परक्या दारात काढायची?

"आजोबा, हे अब्रूदार लोकांचं लॉज आहे," मॅनेजर म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण वही त्यानं मिटली. "या वयात तरी काही धरबंध ठेवा. उगीच मला पोलीस बोलवायला लावू नका."

"चल," सावळा हळूच म्हणाला. "स्टँडवर बसू रातभर."

पारूबाई हलली नाही. तिनं गाठोडं वहीवर ठेवलं.

"म्या जाणार न्हाई. बोलवा पोलीस. दोन वर्सं मान खाली घालून काढली, आता एक रात बी न्हाई काढायची. लाज मला कशाची? म्या कुणाचं काय चोरलं?" ती सावळ्याकडं वळली. "काढा त्यो कागूद."

"अगं, पोरांची..."

"काढा म्हणते ना."

सावळ्यानं चंची सोडली. कागद सुपारीनं डागला होता, घड्यांवर फाटत आला होता. खाली पाच पंचांचे अंगठे होते. मॅनेजरनं तो दिव्याजवळ धरला आणि चष्मा वर सरकवला.

"मोठ्यानं वाचा," पारूबाई म्हणाली. "आमाला दोगांनाबी वाचाय येत न्हाई. काय लिवलंय ते एकदा या कानांनी आयकू दे."

मॅनेजर वाचू लागला. "वाटणीपत्र. थोरला मुलगा हैबती याजकडे गुंजवण्याचे घर, भाताची दोन खाचरे, बैलजोडी व वडील. धाकटा मुलगा कुंडलिक याजकडे वरव्याची जमीन, एक म्हैस, पितळेचा हंडा..." तो थांबला. चष्मा काढून त्यानं धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला आणि उरलेले दोन शब्द वाचले.

"...व आई."