कोरी हॅट

डेसच्या कानावरची लाल गाठ दुखत नव्हती, म्हणून तो तीन महिने "चिलट चावलंय" म्हणत राहिला. निघाला मर्केल कॅन्सर. कातडीचा, उन्हानं जडणारा, दुर्मिळ आणि भारी उतावळा. अर्धा कान गेला, रेडिएशनच्या तीस खेपा झाल्या. आजच्या शेवटच्या खेपेनंतर डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर आवळायचा जाळीचा मुखवटा दवाखान्यानं त्यालाच देऊन टाकला. डेसनं तो टोमॅटोच्या वाफ्यात काठीवर खोचला. "पाखरं तरी घाबरतील!" रोज दवाखान्यापर्यंत गाडी हाकून शिणलेल्या त्याच्या बायकोनं, नोरीननं, खुंटीवरची कोरी हॅट आणून मुखवट्याला घातली. "अगं, त्याला कशाला?" "हॅट घाल, हॅट घाल म्हणून चाळीस वर्षं तुझं डोकं खाल्लं. हा निदान उलट बोलत नाही." डेसनं मुखवट्यावरची हॅट काढून स्वतः घातली. क्वीन्सलंडचं ऊन केव्हाच उतरलं होतं. तरी नोरीननं कड अर्ध्या कानावर ओढली.