यंत्राचा जबाब

लाइसानीने ते यंत्र दवाखान्याच्या भिंतीवरून ओरबाडून काढलं आणि ती तरातरा समुद्राकडे निघाली.

“अहो, फेकू नका! ते मला राजधानीत, सुवाला परत न्यायचंय,” कितिओने नावाचे साहेब मागून धावले. ज्या कंपनीने बेटावर नर्सच्या जागी हे जखमा बघणारं, बोलणारं यंत्र बसवलं, तिचे हे साहेब. आज बोटीने नवं यंत्र घेऊन आले होते. सोबत एक कागद. जुन्या यंत्राचा समाजाला उपयोग झाला, असं गावप्रमुखाने त्यावर लिहून द्यायचं होतं.

“उपयोग?” लाइसानी गर्रकन वळली. “माझ्या विलिकेसाचा पाय कापावा लागला, तो उपयोग? प्रवाळ घुसलं होतं पायात, त्यात अंगात साखरेचं दुखणं. या लबाडाने जखम बघितली आणि म्हणालं, बोट मागवतो, वाट बघा. अकरा दिवस किनाऱ्यावर बसलो आम्ही! शेवटी खोबरं नेणाऱ्या बोटीने नेलं त्याला.”

साहेबांनी चेहरा पाडला. “यंत्राची चूक, ताई. त्याने आम्हाला कळवलंच नाही. माफ करा.”

माफ करा म्हणे! नुसत्या भाल्याने मासे मारणारा तिचा नवरा आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. लाइसानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने यंत्र गदागदा हलवलं.

“बोल ना! का नाही कळवलंस?”

“त्याची बॅटरी गेलीय,” साहेब घाईने म्हणाले.

“कळवलं होतं,” यंत्र बोललं. “नऊ वेळा. पहिल्याच दिवशी लिहिलं, बोट आली नाही तर पाय जाईल.”

“मग? उत्तर आलं?” मागोमाग आलेल्या गावप्रमुखाने विचारलं.

“दर वेळी आलं. ‘एका माणसासाठी बोट सोडता येत नाही. वाट बघायला सांगा.’ खाली कितिओने साहेबांचं नाव.”

साहेबांची जीभ चाचरली. “वरून हुकूम होता हो... म्हणून तर नवं आणलंय. ते असं सारखं बोट मागत नाही.”

एवढे महिने लाइसानी एका डब्याला शिव्या घालत होती, आणि हा गेंड्याच्या कातडीचा माणूस सुवात बसून मजेत होता. तिला स्वतःचाही संताप आला. ती तशीच मागे फिरली. दवाखान्याच्या दारात म्हातारी बुबू तोरिका सुजलेला पाय घेऊन सकाळपासून बसली होती. लाइसानीने यंत्र त्या पायासमोर धरलं.

“हिला काय करायचं?”

“आजच इस्पितळात न्या. बोट हवी.”

“सुवाला पोचलो की लगेच बघतो मी,” साहेब म्हणाले.

त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. चार बायकांनी बुबूला चटईसकट उचललं आणि साहेबांच्याच बोटीत आडवं झोपवलं. नावाडी सोडून एका माणसापुरती जागा उरली. यंत्र मांडीवर घेऊन लाइसानी तिथे बसली. नावाड्याने साहेबांकडे पाहिलं, मग बुबूच्या पायाकडे पाहिलं आणि इंजिन चालू केलं.

“अरे, आणि मी?” साहेब गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडले.

“नवं यंत्र आहे ना तुमच्याकडे?” लाइसानी म्हणाली. “त्याच्याकडे मागा बोट!”