डावी वहाण

दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टर मडमेनं बाळाचे पाय दुपट्यातून बाहेर काढले आणि सोजरबाईनं मान खाली घातली. दीड महिन्याचं पोर. उजवा पाय नीट होता. डावा मात्र घोट्यातून आत वळलेला, तळवा वर.

"गिराणात मुडपून बसली ही!" मडमेनं काही विचारायच्या आधीच सासूनं, बजाबाईनं, सांगून टाकलं. "घसा फोडून सांगत हुते, हुबी ऱ्हा. चक्कर आली म्हनं म्हाराणीला!"

आता सात महिन्यांची पोटुशी बाई. चक्कर आली तर बसेल नाहीतर काय करेल! पण हे त्या घरात म्हणायचं कुणी? सोजरबाईला तर स्वतःचाच गुन्हा वाटत होता. तिला माहेरी धाडायचं आणि लेकाचं, ज्ञानबाचं, दुसरं लगीन लावायचं, असं बजाबाई आळीभर सांगत फिरत होती.

"ग्रहणानं काही होत नाही, बाई," मडम म्हणाली. सोलापुरात दहा वर्षं काढलेली, मराठी सावकाश पण सरळ बोलायची. "पाय पोटातच असा वळतो. कधी कधी घराण्यात असतो. तुमच्या घरात कुणाला होता?"

"आमच्यात? छ्या! सात पिढ्यांत न्हाय."

"बरं. हाडं कोवळी आहेत, पाय सरळ होईल. आठ दिवस आईनं रोज हातानं वळवायचा. मग प्लास्टर घालू, दर आठवड्याला नवं." मडमेनं एकदा करून दाखवलं आणि पाय सोजरबाईच्या हातात दिला.

सोजरबाईनं टाच धरून ओढली आणि पोरानं किंकाळी फोडली.

"आगं, टाच काय वडतीस, बये!" बजाबाईनं पाय हिसकावून घेतला. "आदी पंजा भाईर काढायचा. आस्सा. दमानं. टाच मागनं. दूध पिऊन गुंगलं की करायचं, म्हंजी रडत न्हाय."

तिचा अंगठा नेमका मडमेचा होता तिथंच बसला. पोर गप्प झालं आणि म्हातारीच्या नथीकडं टकामका बघू लागलं. बजाबाई वळवत होती, धरून ठेवत होती, सोडत होती.

"आजीबाई," मडम म्हणाली, "असे किती पाय सरळ केलेत?"

म्हातारीचे हात थांबले.

सोजरबाईची नजर दाराबाहेर गेली. पायरीवर ज्ञानबा बसला होता, वहाणा काढून. डाव्या वहाणेत चिंधी कोंबलेली होती. तो पाय लहान, पोटरीही बारीक. लहानपणी बैलानं पाय दिला, असं लग्नात सांगितलं होतं. तीन वर्षं ती चिंधी सोजरबाईच बदलत आली होती.

"आत्याबाई," तिनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूला काही विचारत होती. "तवा गिराण हुतं?"

"न्हवतं." बजाबाई पोराच्या पायाकडंच बघत राहिली. "माजी सासू म्हनायची, पोटुशी आसून उंबऱ्यावर बसलीस. मला टाकून देत्याल म्हनून लई भ्याले. दोन वर्सं दार लावून पाय वळिवला. बैलाचं मीच उठिवलं. त्येला सुदिक ठावं न्हाय."

सोजरबाईला आधी संताप आला, मग रडू. दोन्ही एकदमच आलं म्हणा. म्हातारीनं पदरानं डोळे टिपले आणि आळीत लावायची तोच आवाज लावला.

"ज्ञानबा! आत ये. बाईस्नी डावा पाय दाव तुजा."

ज्ञानबा गडबडून उठला आणि सवयीनं आधी वहाणेत पाय घालू लागला.

"व्हान ऱ्हाऊ दे तितंच," बजाबाई म्हणाली. "तसाच ये."