उस्ता मुरसीचा हात

या, बसा इथे, चहा सांगितलाय. तो येईपर्यंत वजिहची गोष्ट ऐका. आपल्या अलेक्झांड्रियाचा मुरसी न्हावी, ज्याला सगळे मानाने 'उस्ता', म्हणजे उस्ताद म्हणतात, त्याचा पोरगा हो!

कैरोत नाट्यशाळेची प्रवेश परीक्षा चालली होती. वजिह रांगेत उभा. बापाला थाप मारून आला होता, मावशीकडे जातो म्हणून.

मागेही एकदा निघाला होता तो, बॅग भरून. नेमका त्याच आठवड्यात बापाचा उजवा हात थरथरायला लागला. साधा पेला धरवेना.

"तू जा रे राजा," म्हातारा म्हणाला, "मी बसतो गिऱ्हाइकांचे गळे कापत."

असं ऐकल्यावर कुणाचा पाय निघेल? वजिहने बॅग ठेवली आणि वस्तरा उचलला. तेव्हापासून दुकान तोच ओढतोय.

"पुढचा या!"

आत सनीयाबाई, परीक्षक. आवाज असा, की भिंतीसुद्धा सरळ उभ्या राहतील.

"बोलायचं नाही. रोज बघतोस असा एक माणूस दाखव. जसाच्या तसा. पदरचं काही घालू नकोस."

रोज बघायला त्याच्याजवळ होतं कोण? बापच.

वजिह खुर्चीत बसला आणि मुरसी झाला. हात थरथरला, चहा मांडीवर सांडला. मग टळटळीत दुपार, दुकान रिकामं, म्हातारा आरशासमोर एकटाच. दोऱ्याचं टोक दातात धरलं, बोटांवर पीळ घातला, गालावरचे केस सपासप उपटले. दोरा खिशात. पुन्हा चहा, पुन्हा थरथर.

मागून, दारातल्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं.

वजिहला वाटलं, जमीन फाटावी. ज्याच्या जिवावर वाढलो त्याचं दुखणं चव्हाट्यावर मांडलं, तेही स्वतःच्या पोटासाठी. तो ताडकन उठला.

"माफ करा बाई, मला नको प्रवेश. ते माझे वडील आहेत. आजारी आहेत."

"बस खाली, रडतोस काय! घेतलंय तुला." बाईंनी चष्मा काढला. "एवढंच सांग, दोरा फिरवताना थरथरायला विसरलास ना?"

"नाही बाई, विसरेन कसा? बाबांचा हात तेव्हा हलतच नाही. दोऱ्याला वस्तऱ्याहून स्थिर हात लागतो, जरा हलला तरी कातडी सोलून..."

बोलता बोलता त्याची नजर स्वतःच्या बोटांवर खिळली. बाईंनी चष्मा पुन्हा चढवला.

प्रवेश मिळालाय, तरी परतल्यापासून पोरगा दुकानात मुकाट काम करतोय. बापाला तोंडाने काही विचारायचा नाही तो. म्हणून म्हणतो, उद्या दाढीला जाल तेव्हा त्याच्या खुर्चीत बसू नका. सरळ म्हाताऱ्यासमोर मान मागे टाका आणि म्हणा, "उस्ता, वस्तरा तुम्ही धरा."