निशाणी डी-दोन, पान तिसरं

"हा कागद तुम्ही वाचून सही केलीत?" वकील नेत्रावतीनं विचारलं.

"व्हय."

"पूर्ण वाचलात?"

"पूर्ण. पयल्यापास्नं शेवटापत्तर."

कर्नाटकातल्या बसवकल्याणच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून ग्यानबानं हे तीनदा सांगितलं. प्रश्न तोच, जरा फिरवून. सही करताना चष्मा होता का? होता. कुणी घाई केली? न्हाई. एखादा शब्द अडला, कुणाला विचारला? अडलाच न्हाई, तर कामून विचारू? प्रत्येक उत्तर न्यायाधीश कन्नडात सांगत होते आणि टायपिस्ट बाई उतरवून घेत होती.

ग्यानबाला हायसं वाटलं. सकाळी मोटारसायकलवर येताना व्यंकटनं सांगितलं होतं, तसंच सगळं चाललं होतं. व्यंकट त्याच्या बांधाचा शेजारी. ग्यानबाच्या दोन एकर उसाला पाणी व्यंकटच्या बोअरचं. व्यंकटची धाकटी बहीण विजयश्री लहानपणापासून महाराष्ट्रात, उमरग्याला मावशीकडं वाढली आणि तिकडंच दिली गेली. बाप गेल्यावर तिनं शेतात वाटा मागितला, तेव्हा व्यंकटनं तिच्याच सहीचं हक्कसोडपत्र कोर्टापुढं ठेवलं. खाली साक्षीदार म्हणून सही ग्यानबाची. कोर्टानं त्या कागदाला नंबर दिला होता, निशाणी डी-दोन.

विजयश्रीच्या वकील नेत्रावतीनं तो कागद उघडून पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला.

"अप्पा, मग आता कोर्टाला जरा वाचून दाखवा."

व्यंकटचे वकील श्रीपतराव लगेच उठले. साक्षीदार वयस्कर आहे, कागद रजिस्टर झालेला आहे, वाचून घ्यायची गरजच काय.

"वाचलाय म्हणतात ना? वाचू द्या," न्यायाधीश म्हणाले. श्रीपतराव बसले.

कागद कन्नडात होता. ग्यानबा आडत्याशी, कंडक्टरशी, तहसीलातल्या साहेबांशी जन्मभर कन्नड बोलत आला होता. भांडायचाही कन्नडात. पण शाळा सातवीपर्यंत, आणि ती मराठी. समोरची गोल गोल अक्षरं एकमेकांना खेटून बसली होती. ओळ डावीकडून सुरू होते, एवढंच त्याला ठाऊक होतं.

त्यानं चष्मा लावला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि व्यंकटनं पाठ करून घेतलेलं कन्नडात म्हणायला लागला.

"मी विजयश्री... माझ्या राजीखुशीनं... कुणाचा धाक नसताना... वडलांच्या शेतावरचा माझा हक्क भावाच्या लाभात सोडून देते..."

बोट अक्षरांवरून सरकत होतं. म्हणणं संपलं तेव्हा ते चौथ्या ओळीच्या मध्यावर होतं.

नेत्रावतीनं त्याला कुठंच थांबवलं नव्हतं. आता ती जवळ आली.

"बोट उचलू नका, अप्पा."

बोट तिथंच राहिलं.

"तुम्ही म्हणालात ते पहिल्या पानावर आहे. मी तुमच्यापुढं ठेवलंय ते पान तिसरं. यावर नुसत्या शेताच्या चारी बाजू लिहिल्यात. पूर्वेला रस्ता, दक्षिणेला ओढा. आणि तुमचं बोट आहे तिथं, उत्तरेला कुणाचं शेत आहे ते. काय लिहिलंय?"

ग्यानबा वाकून बघत राहिला.

"तुमचं नाव आहे, अप्पा."

मागं कुणीतरी हसलं. ग्यानबानं बोट उचललं. त्याखाली तीनच अक्षरं होती. तो त्यांच्याकडं बघत होता, पण त्यातलं एकही त्याच्या ओळखीचं नव्हतं.

त्यानं मान वर केली. मागच्या बाकावर व्यंकट पुढं सरकून बसला होता, डोळे त्याच्यावर रोखून. उसाला अजून चार पाळ्या पाणी लागणार होतं.

ग्यानबानं चष्मा काढून हातात घेतला.

"वाचाय येत न्हाई," तो म्हणाला. "बोलाय येतं कन्नड, वाचाय न्हाई. ह्यात माजी नुस्ती सही हाय. व्यंकट म्हणला, वारसाची नोंद लागायलीय, सही कर. मी केली."

श्रीपतरावांनी समोरची फाईल मिटली. न्यायाधीशांनी उत्तर सावकाश कन्नडात सांगितलं, एक वाक्य, मग दुसरं. टायपिस्टच्या बोटांचा आवाज थांबला.

"आणखी प्रश्न नाहीत," नेत्रावती म्हणाली.

बाहेर व्यंकटनं मोटारसायकल चालू करूनच ठेवली होती. ग्यानबा मागं बसायला गेला, तसं त्यानं गाडी पुढं घेतली.

"काका, तुम्ही बसनं या. आन् उद्यापास्नं पाण्याचं तुमचं तुम्ही बघा."

गाडी फाटकातून निघून गेली. ग्यानबा माघारी वळला. विजयश्री कोर्टाच्या पायरीवर पिशवीत कागद भरत होती. तो तिच्यापुढं जाऊन थांबला. तिनं वर बघितलं.

"पोरी," तो म्हणाला, "त्या दिवशी आधी तुजी सही झाली, मग कागद माज्याम्होरं आला. मी म्हणलं, शिकल्याली पोरगी हाय, वाचल्याबगर करंल व्हय? म्हणून केली म्या."

विजयश्रीचे हात पिशवीतच थांबले.

"मला कुठलं कन्नड वाचाय येतंय, काका?" ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसला हुताव. मला वाटलं, तुम्ही वाचलाव."